किर्ककॉनेल १:७६ – रूळ, चेअर आणि चाव्या बसल्या

माझ्या मॉडेल रेल्वेच्या देखाव्याचा काळ आता पक्का झाला : १८७६ ते १८७८. जागा स्कॉटलंडमधलं किर्ककॉनेल, ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा दुहेरी मार्ग. कवी अलेक्झांडर अँडरसन (१८४५–१९०९) इथलाच. १८६२ मध्ये तो या रेल्वेत गँगमन (रूळ सांभाळणाऱ्या टोळीतला कामगार) म्हणून लागला. काम करता करता फ्रेंच आणि जर्मन स्वतःच शिकला. १८७३ मध्ये त्याचा पहिला कवितासंग्रह आला. १८७५ च्या ‘द टू एंजल्स’ला डंडीचे धर्मोपदेशक जॉर्ज गिलफिलन यांची प्रस्तावना होती. टोपणनाव म्हणून त्याने आपला हुद्दाच घेतला, ‘सर्फेसमन’, म्हणजे गँगमनच. म्हणून या देखाव्यात इंजिनापेक्षा रुळांवर जास्त मेहनत घ्यायची.

१८७६ च्या आधीचा काळ घेतला असता तर गाड्या कमी मिळाल्या असत्या. १ मे १८७६ ला उत्तर इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला आणि मिडलंड रेल्वेच्या लंडन–ग्लासगो गाड्या किर्ककॉनेलवरून धावू लागल्या. १८८० मध्ये अँडरसन एडिंबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला, त्यामुळे त्यापुढचा काळ घेण्यात अर्थ नाही.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १८.८३ मिमी. तयार १६.५ मिमीचा मार्ग या प्रमाणात (१ फुटाला ४ मिमी) खऱ्या ४ फूट साडेआठ इंचांऐवजी जेमतेम ४ फूट दीड इंच भरतो आणि रुळांजवळ उभा माणूस उगाच मोठा दिसतो. रूळ २४ फुटी धरले, म्हणजे ९६ मिमी. प्रत्येक रुळाखाली ९ स्लीपर, १.६ मिमी प्लायचे, ३६ × ३.३ मिमी. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिमीवर, बाकीचे ११ मिमीवर. हे अंतर सरसकट सारखं ठेवलं की मार्ग लगेच खोटा वाटतो. सांध्यावर रूळ कापू नये. माथ्यावर कानशीने बारीक खाच पाडून बाजूला फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) चिकटवावी, म्हणजे वीजप्रवाह तुटत नाही.

सगळ्यात नाजूक काम चाव्यांचं. रूळ चेअरमध्ये, म्हणजे स्लीपरवरच्या त्याच्या बैठकीत, घट्ट धरणारी ही ओकची पाचर बाहेरच्या बाजूला असते आणि दुहेरी मार्गावर ती गाडीच्या दिशेने ठोकतात. चाकांच्या ओढीने रूळ पुढे सरकतो, त्याबरोबर चावी आणखी आवळली जाते. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की ती निसटते, म्हणून रोज हातोडा घेऊन आपला टप्पा चालत तपासणं हे गँगचं कामच होतं. एकाच घडणीची चेअर उलटी फिरवून समोरच्या रुळाला लावली की तिची चावी विरुद्ध दिशेला जाते. डाव्या-उजव्या घडणीच्या चेअर वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात.

चेअर चिकटवायला ब्युटेनोन (प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव), बारीक ब्रशने एकच थेंब. जास्त पडलं तर प्लास्टिक मऊ होतं, चेअर आत कलते आणि गेज आवळतं. दर तिसऱ्या स्लीपरवर अंतर तपासायची गेजपट्टी लावावी आणि दिवसभर हात लावू नये.

खडीऐवजी चाळलेली बारीक राख, स्लीपरच्या माथ्यापर्यंतच. जुन्या पद्धतीप्रमाणे स्लीपर पुरते झाकले तर चाव्या दिसणार नाहीत आणि चाकांच्या कडा अडकतील. आधी पाण्याचा फवारा, मग निम्मं पांढरं फेविकॉल, निम्मं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब. प्लाय पाण्याने वाकतो, त्यामुळे वाळेपर्यंत वजन ठेवावं.

पुढचं काम गँगच्या पुतळ्यांचं, उंची साधारण २३ मिमी. कवीच्या हातात वही-लेखणी द्यायची नाही. पहार, फावडं, लांब दांड्याचा हातोडा आणि गेजपट्टी एवढंच कोरायचं आहे.