पेशंटला त्यातलं काय कळतं?

"बाई, तुमचा शेक कधीचा संपला, मग अजून दर महिन्याला त्या हॉस्पिटलात कशाला जाता?" शेजारणी विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात. मी सांगते, रेडिओथेरपी म्हणजे कॅन्सरवर किरणांचा उपचार, ज्याला लोक शेक म्हणतात, त्या विभागातले डॉक्टर, किरणांचा हिशेब मांडणारे फिजिसिस्ट, मशीन चालवणारे टेक्निशियन आणि आम्ही उपचार झालेले काही पेशंट, नातेवाईक एकत्र बसतो. काय खटकतं, काय बदलायला हवं, ते बोलतो. त्यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: "पण पेशंटला त्यातलं काय कळतं?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोस किती, किरण कुठल्या बाजूनं सोडायचे, हे आम्हाला कळत नाही आणि ते आम्ही ठरवूही नये. पण मशीनखाली माणूस रोज दहा-पंधरा मिनिटं असतो. बाकीचा दिवस एसटीत, रांगेत, चुलीपुढं आणि अंथरुणात तळमळत जातो. उपचार पुरा होणार की अर्ध्यात सुटणार, हे पुष्कळदा त्या बाकीच्या दिवसात ठरतं. तो दिवस आम्हीच काढलेला असतो.

मास्कचंच बघा. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते. मग रोज तोच मास्क चढवून डोकं टेबलाला पक्कं करतात, कारण मान हलली तर किरण भलतीकडं जातील. हे सगळं पेशंटला समजावलेलं असतं. तरी कागलकडचे एक शेतकरी काका बैठकीत म्हणाले, "मरायचं भ्या नव्हतं डाक्टर. दार लावून सगळी भाईर गेली, आता हाक मारली तर ऐकणार कोण, ह्येचं भ्या वाटलं." खोलीत कॅमेरा असतो, बाहेर पेशंट सतत दिसत असतो, हात वर केला की मशीन थांबवून लोक आत येतात. विभागाला हे इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचंच राहून जायचं. आता पहिल्या दिवशी नातेवाइकाला बाहेरचा स्क्रीन दाखवतात, आणि नमुन्याचा मास्क पेशंटच्या हातात देतात. जाळीतून बोट घालून बघता येतं.

आहाराच्या कागदावर ओट्स, सूप, कस्टर्ड होतं. तोंड आतून सोलवटलेलं असतं तेव्हा तिखट बंद हे बरोबरच आहे, पण कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीशिवाय आमटी होत नाही आणि आजाऱ्यासाठी वेगळी चूल कोण पेटवणार? राधानगरीकडच्या एका वहिनींनी सुचवलं, "आमटी उकळली की चटणी घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढा, असं लिहा की." आता कागदावर तेच आहे, शिवाय दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, तूप, अंडं. "नातवाला मांडीवर घेऊ का?" याचं उत्तरही आम्ही वरच लिहायला लावलं. खुशाल घ्या. बाहेरून मशीननं दिलेल्या किरणांनी माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. कित्येक आज्या उगाच कोपऱ्यात बसून राहायच्या.

मला सगळ्यात कळीचा वाटतो तो पुराचा विषय. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं आणि शिरोलीजवळ महामार्गच कित्येक दिवस बंद राहिला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये असा खंड परवडत नाही. मधल्या दिवसांत गाठीच्या पेशी पुन्हा वाढू लागतात, उपचार जितका लांबतो तितकी तो लागू पडायची शक्यता घटते. बुडालेला डोस शनिवार-रविवारी, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा देऊन भरून काढता येतो, पण त्यासाठी पेशंट नदीच्या अलीकडं असायला हवा! कुठल्या गावाचा रस्ता आधी बुडतो हे डॉक्टरांना ठाऊक नसतं, पेशंटला असतं. म्हणून आता पावसाळ्याआधी गाववार यादी होते आणि कुणाला आधीच शहरात राहायला आणायचं ते ठरतं.

संशोधनातही पेशंटचं म्हणणं मोलाचं आहे. ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर दिलेल्या किरणांनी खांद्याजवळच्या नसांना इजा होऊन काही बायकांचे हात लुळे पडले होते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या संघटित होऊन दाद मागायला उभ्या राहिल्या. पुढं 1999 मध्ये तिथं स्तनाच्या कॅन्सरला किरणांचे किती डोस पुरतात हे तपासणाऱ्या 'स्टार्ट' नावाच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांत गाठ परत आली का, एवढंच पाहिलं नाही. हात-खांद्याचा, स्तनाचा त्रास बायकांना स्वतःला विचारून नोंदवला. पाच आठवड्यांतल्या 25 डोसांऐवजी तीन आठवड्यांत 15 डोस पुरतात, हे त्यांतूनच पक्कं झालं. चंदगडहून शंभरावर किलोमीटर येणाऱ्या बाईला हे दोन आठवडे काय आहेत, ते तिला विचारा. उपचार महात्मा फुले योजनेत बसतो, पण सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते ती बुडतेच.

आपल्याकडं 2019 च्या नियमांनुसार औषधचाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य माणूस असावा लागतो. चांगलंच आहे. पण त्याच्यापुढं चाचणीचा आराखडा येतो तो तयार होऊन. आमचं म्हणणं, आराखडा करण्याआधी विचारा. तोंड किती उघडतं, लाळ परत येते का, भाकरी चावता येते का, माणूस कामावर कधी जातो, हे मोजणार आहात का?

एक गोष्ट मला अजून सलते. बैठकीला येणारे आम्ही बहुतेक शहरातले, लिहिते-वाचते आणि बरे झालेले. ज्यांनी उपचार मध्येच सोडला, ते कुणी येत नाहीत, आणि खरं तर त्यांच्याकडूनच सर्वांत जास्त शिकायचं आहे. म्हणून आता आम्ही दोघी-तिघी सकाळी मशीनबाहेरच्या बाकांवर जाऊन बसतो. सोडून गेलेल्यांच्या घरी फोन कुणी करायचा आणि त्यांचा येण्या-जाण्याचा खर्च कुठून द्यायचा, हा पुढच्या बैठकीतला पहिला विषय आहे. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर मला जरूर कळवा.