पान न गळणारं झाड

रोपवाटिकेत दुपारी गर्दी नसते, म्हणून मी त्याच वेळी जाते. परवा शेजारी एक काकू उभ्या होत्या. "दादा, बारा महिने हिरवं राहील असं काहीतरी द्या, पण कचरा नको." दादांनी शांतपणे तगरीची कुंडी पुढे सरकवली. मी काही बोलले नाही, पण आतून खदखदत होते.

सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत, हे कोणी पसरवलं कोण जाणे. उलट शिरीष, पांगारा, देवचाफा ही मंडळी वर्षातून एकदा काय ती पानगळ उरकतात आणि मोकळी होतात. आंबा, फणस, बकुळ यांचं तसं नाही. पानापानाचं वय वेगळं. ज्याचं भरलं ते उतरलं. फाल्गुन-चैत्रात आंब्याखाली चांगला खच पडतो, पण वर तांबूस पालवी लवलवत असते, त्यामुळे खाली बघतो कोण?

आत्या बघायची. कोकणातलं तिचं अंगण फणसाखालीच होतं. उजाडायच्या आत खराटा सुरू व्हायचा आणि आमची झोप मोडायची. सगळा पातेरा माडाच्या आळ्यात जायचा. त्यातून दोन-चार धड पानं ती बाजूला काढायची, धुऊन, दुमडून हीर टोचायची की झाला पेजेचा चमचा. त्या चमच्यानं पेज नाकापर्यंत लागायची, पण घरातला स्टीलचा चमचा कोणी मागत नसे.

माझ्या बाल्कनीत आता एवढा अनंत आहे. खालचं एखादं पान पिवळं पडलं की घरात लगेच "खत घाल, खत घाल" सुरू. अहो, म्हातारं पान आहे ते, जाऊ द्या की सुखानं! शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर मात्र झाडाला लोह मिळत नाहीये हे समजावं. कढीपत्त्याला मी ताक घालते. का, ते विचारू नका. आई घालायची.

आमच्या इमारतीतल्या बकुळीच्या बुंध्यापर्यंत फरशी भिडवायचं बैठकीत ठरलं. झाडलोट सोपी होते म्हणे. शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्यानं परवानगी लागते. ही फरशी घालताना आमच्याकडे कोणाला कोणाची परवानगी आठवली नाही. पांगाऱ्याला वेळेवर पालवी फुटली नाही तर निदान चार लोक मान वर करून बघतात. बकुळीची पानं जाड, चकचकीत. खाली मुळं गुदमरू लागली तरी ती बराच काळ हिरवीच दिसत राहील, आणि सगळे म्हणतील, बघा, काही झालं का?

फरशीवाला सोमवारी यायचाय. बुंध्याभोवती हातभर आळं सोडा, एवढं सांगायला खाली जाणार आहे. ऐकतील असं वाटत नाही.