तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा डब्यात तापत नाही का?

टेबलावरचा माझा कॉम्प्युटर पहिल्यांदा बघणारा माणूस आधी विचारतो की बाकीचा कुठेय, कारण त्याला वाटतं हा स्पीकर असणार आणि खरा डबा टेबलाखाली. हाच तो, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "एवढ्याशा डब्यात तापत नाही का हो?" आणि मग जरा वेळाने, "मलापण असाच बनवायचाय, काय काय घेऊ?" दरवेळी मी उभ्याउभ्या काहीतरी अर्धवट सांगतो, समोरचा भलतंच घेऊन येतो आणि मग फोन येतो की कूलर बसत नाहीये, कॅबिनेटचं झाकण लागत नाहीये. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तर तापतो. का नाही तापणार? पण डबा छोटा आहे म्हणून जास्त तापतो हे खरं नाही. पीसी जेवढे वॅट ओढतो ते सगळेच्या सगळे शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतात, ३०० वॅट ओढणारा पीसी म्हणजे ३०० वॅटचा हीटर, मग तो १० लिटरच्या डब्यात असो नाहीतर ५० लिटरच्या टॉवरमध्ये. कूलर कितीही भारी घ्या, तो उष्णता नाहीशी करत नाही, चिपवरून उचलतो आणि शेजारच्या हवेत सोडून देतो, बस. ती हवा डब्याबाहेर कोण काढणार हा वेगळा प्रश्न आहे. टॉवरमध्ये आत हवाच एवढी असते आणि फॅनही तीन-चार असतात, त्यामुळे तुम्ही काही विचार न करता पण काम भागून जातं. छोट्या डब्यात भागत नाही, तिथे हवा कुठून येणार आणि कुठून जाणार हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

थोडा हिशोब करतो, कंटाळू नका. ३०० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे आणि आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा फक्त १० अंशांनी गरम असावी असं वाटत असेल तर तासाला साधारण ९० घनमीटर हवा डब्यातून जायला हवी, फॅनवाल्यांच्या भाषेत ५३ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५३ घनफूट. आता १२० मिमीचा चांगला फॅन कागदावर ९०-१०० घनमीटर देतो, मग झालं की! तर नाही झालं, कारण तो आकडा मोकळ्या हवेतला आणि फुल स्पीडचा असतो, पुढे जाळी, फिल्टर आणि केबलींचा गुंता आला की तो पार कमी होतो, शिवाय फुल स्पीडला तो फॅन तुमच्या कानाशी कोकलत असतो. मग दोनच मार्ग, एकतर १० अंशांच्या जागी २० अंशांचा फरक चालवून घ्या म्हणजे निम्मीच हवा लागते, नाहीतर वॅटच कमी करा. मी दुसऱ्या पार्टीचा.

म्हणून कोणी विचारलं कुठलं कॅबिनेट घेऊ, तर मी उलट विचारतो, किती वॅटचं सामान भरणार आहात? बहुतेकांना वाटतं प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय म्हणजे ६५ वॅट. असं नसतं बरं का. एएमडी कंपनीच्या रायझनमधल्या ६५ वॅटवाल्या प्रोसेसरला सॉकेटमधून ८८ वॅट घ्यायची परवानगी असते, १०५ वाल्याला १४२ आणि १७० वाल्याला चक्क २३०. इंटेलचंही तेच, आय५-१२४०० वर ६५ लिहिलंय पण टर्बोमध्ये, म्हणजे जोरात पळताना, तो ११७ पर्यंत जातो, आय९-१३९००के वर १२५ आहे आणि तो २५३ पर्यंत. ३७ मिमी उंचीचा कूलर, म्हणजे अगदी चपट्या कॅबिनेटमध्ये जो बसतो तो, त्याच्यावर २५३ वॅट टाकणं म्हणजे बोहनीलाच दिवाळं.

पण याच्यावर फुकटातला इलाज आहे आणि तो लोक का करत नाहीत मला कळत नाही. चिप जी पॉवर खाते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे तोच स्पीड ठेवून १.२ व्होल्टचे १.०५ व्होल्ट करता आले तर जवळपास २३ टक्के उष्णता तिथेच कमी झाली, एक रुपया खर्च न करता. कंपन्या व्होल्टेज जरा चढं ठेवतात कारण त्यांना प्रत्येक चिप चालायलाच हवी असते, चांगलीही आणि जेमतेमही. तुमची चिप चांगली निघाली तर ती ढील तुम्ही काढून घ्यायची. रायझनला बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, व्होल्टेज खाली आणणारा कर्व्ह ऑप्टिमायझर आणि वॅटला लगाम घालणारा इको मोड असतो, इंटेलला पॉवर लिमिट लावता येते, ग्राफिक्स कार्डाला तर विंडोजमध्ये बसून एक स्लायडर ओढला की झालं. मी कार्ड ७५ टक्के पॉवरवर बांधून ठेवलंय आणि गेम खेळताना फरक मला तरी जाणवत नाही, आकडे काढून बघितले तेव्हा दिसला, तो पण थोडासाच. मात्र व्होल्टेज कमी केल्यावर एक रात्र तरी टेस्ट लावून ठेवा, दहा मिनिटं चाललं म्हणजे पक्कं झालं असं नसतं, माझा एकदा पाचव्या तासाला बंद पडला होता.

आता माझ्या पहिल्या डब्याची गोष्ट, कारण कूलिंगबद्दल मला जे काय कळलं ते सगळं तिथेच कळलं. चपटा कूलर, वरचा फॅन खाली हवा मारणारा, आणि त्या फॅनपासून साधारण दोन सेंटीमीटरवर कॅबिनेटच्या झाकणाची जाळी. दिसायला एकदम बरोबर ना? जाळीतून थंड हवा ओढणार आणि हीटसिंकवर, म्हणजे कूलरच्या धातूच्या पात्यांवर, सोडणार. पण व्हिडिओ रेंडरला लावला की प्रोसेसर ९२ अंश आणि फॅन किंचाळतोय. मी थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि कूलरच्या मध्ये लावायचा लेप, दोनदा बदलली, मग अजून भारी पेस्ट आणली, मग फॅन बदलला. काही नाही. एक दिवस वैतागून झाकण काढून ठेवलं तर पाच मिनिटांत ७७. म्हणजे कूलर ठीक, पेस्ट ठीक, भानगड झाकणाची. नंतर ट्यूब पेटली की फॅनला जाळीतून हवा ओढायला जोर लागतो आणि बाजूच्या दोन सेंटीमीटरच्या फटीतून विनाजोराची हवा मिळते, मग तो कशाला जाळीतून ओढेल! हीटसिंकमधून बाहेर आलेली गरम हवाच फटीतून परत ओढून तो पुन्हा हीटसिंकवर मारत बसला होता. मदरबोर्डच्या खोक्यातला पॅकिंगचा फोम होता तो कापून फॅनच्या कडेला गोल रिंग केली, फॅन ते जाळी फट बंद. झाकण लावून ७९. पेस्टवर घातलेल्या पैशांचा विचार केला की अजून हसू येतं.

तेव्हापासून कोणी तापमानाची तक्रार घेऊन आलं की मी आधी झाकण काढून बघायला सांगतो. फरक तीन-चार अंशांचा असेल तर डब्याची हवा बरी आहे, कूलर नाहीतर वॅट बघा. पंधरा अंशांचा असेल तर कूलर बदलून काही उपयोग नाही, रस्ता चुकलाय. दुसरी टेस्ट म्हणजे टिश्यू पेपरची बारीक पट्टी, ती प्रत्येक जाळीपाशी धरायची, आत ओढली जातेय का बाहेर उडतेय ते बघायचं. निम्म्या लोकांना तिथेच कळतं की आपण बाहेर फेकणारा समजून लावलेला फॅन आत ओढतोय. आणि हो, गरम हवा आपोआप वर जाते हे खरं असलं तरी फॅनपुढे त्याची काही मातब्बरी नाही, त्यामुळे फॅन वर का खाली याच्यावर फार डोकं लावू नका, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये परत फिरायला जागा नाही, एवढं जमलं की पुष्कळ.

पार्ट्सचं बोलू. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिमी, हा साइज व्हिया कंपनीने २००१ मध्ये आणला आणि अजून तोच चालू आहे. रॅमचे दोनच स्लॉट, कार्डाचा एकच, त्यामुळे रॅम पहिल्यांदाच पुरेशी घ्या, नंतर अजून दोन घालू असं इथे होत नाही. आणि रॅम बुटकी घ्या, डोक्यावर मुकुट असलेली नको, चपटा कूलर तिच्यावर चढतो. बोर्डाच्या मागे बऱ्याचदा एम.२ चा स्लॉट असतो, म्हणजे डेटा साठवणारी पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा, तिथे हवाच पोचत नाही, तर ज्या एसएसडीवर जास्त लिहिणं-वाचणं आहे ती पुढे ठेवा, मागे साठवणीची. मी मागच्या एसएसडीला जाड थर्मल पॅड लावून ती कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवलीये, पत्राच हीटसिंक झाला.

पॉवर सप्लाय एसएफएक्सच, म्हणजे छोट्या मापाचा, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमी. एसएफएक्स-एल म्हणून एक थोरला भाऊ मिळतो, ३० मिमी लांब, फॅन मोठा आणि शांत, दिसायला मोह होतो, पण त्या ३० मिमीमध्येच तुमच्या केबली वळणार असतात हे कॅबिनेट उघडून बसल्यावर कळतं. केबली आखूड आणि मऊ मिळाल्या तर घ्या, छोट्या डब्यात हवेचा रस्ता अडवणारं सगळ्यात मोठं सामान म्हणजे केबल. वॅट जरा ढिले घ्या कारण ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदभर भलतीच उडी मारतं, आणि सप्लायवर लोड कमी असला की त्याचा फॅन बराच वेळ बंदच राहतो.

ग्राफिक्स कार्डाची लांबी सगळे मोजतात, जाडी कोणी मोजत नाही. दोन स्लॉट म्हणजे ४० मिमीच्या आसपास, पण दोन स्लॉट म्हणून विकलेली बरीच कार्डं ४५-५० निघतात आणि मग फॅन जाळीला चिकटून शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करतात, चार-पाच मिमी तरी मोकळे हवेत. वर पॉवरचा कनेक्टर, तो नवीन बारीक १६ पिनांचा असेल तर केबल निघाल्यापासून ३५ मिमी सरळ जायला पाहिजे, लगेच मुरगळायची नाही, नाहीतर पिना नीट बसत नाहीत आणि कनेक्टर वितळतो. म्हणजे कार्डाच्या उंचीत हे पण धरा.

कार्ड बोर्डाच्या पाठीला लावायची कॅबिनेटं असतात, सँडविच म्हणतात, मला तीच आवडतात कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघांना आपापली जाळी मिळते, एकमेकांची गरम हवा खात नाहीत. पण तिथे कार्ड आणि बोर्ड जोडणारी रायझर केबल येते. माझी केबल पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डाच्या स्लॉटच्या, जुन्या तिसऱ्या पिढीची, कार्ड चौथ्या पिढीचं, नुसती काळी स्क्रीन. दोन संध्याकाळी मी कार्डच मेलं असं धरून बसलो होतो. उपाय एवढाच की बायोसमध्ये स्लॉट तिसऱ्या पिढीवर करायचा, पण स्क्रीनच नाही तर बायोस बघणार कसा? मॉनिटर मदरबोर्डला लावला तेव्हा दिसलं. म्हणून आतमध्ये ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घ्या, इंटेलचा नावात एफ असलेला स्वस्त पडतो पण अशा वेळी हातपाय गळतात.

पाण्याच्या कूलरबद्दल विचारतातच. १२० मिमीच्या रेडिएटरसाठी, म्हणजे पाणी गार करणाऱ्या जाळीसाठी, एवढा खटाटोप मी करणार नाही, २४० बसत असेल तर विचार करा, फक्त पंप सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नका, आतली हवेची बुडबुड वर जाऊन पंपात अडकते आणि मग खुळखुळ्यासारखा आवाज येतो. नळ्या वळवायला जी जागा लागते त्यात एक फॅन बसतो, हे माझं साधं गणित.

आवाजाचं एक सांगायचं राहिलं. फॅनचा स्पीड निम्मा केला तर हवा निम्मी होते पण आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो, म्हणून एक फॅन पळवण्यापेक्षा दोन फॅन चालवलेले बरे, जागा असेल तर. आणि चपट्या कूलरमध्ये धातू थोडा, त्यामुळे ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी तापमान टुणकन उडी मारतं आणि फॅन कोणी गाडी रेस करतंय तसा वरखाली करत राहतो. बायोसमध्ये ७० अंशांपर्यंत फॅन एकाच स्पीडला ठेवा आणि वाढायला काही सेकंदांचा उशीर द्या, मग कोणी म्हणणार नाही की हा चालू आहे. ८५ अंश बघून घाबरायचं नाही, नवे रायझन ९५ पर्यंत चालायला केलेलेच आहेत, फक्त हेही धरा की खोली १० अंशांनी तापली की आतलं सगळं १० अंशांनी वर जाणार, थंडीत लावलेलं सेटिंग उन्हाळ्यात परत बघावं लागतं.

तर काय घेऊ, हे मी असं नाही सांगू शकत. कार्डाची जाडी कनेक्टरच्या वळणासकट किती, कूलर आणि झाकणामध्ये किती मिमी उरतात, आणि सगळं मिळून किती वॅट, एवढे तीन आकडे काढून या. कॅबिनेट अजून घेतलं नसेल तर फारच उत्तम.