नायट्रोजन संपलाय, पुढच्या गुरुवारी या

चामखीळ गोठवायला दोन मिनिटं लागतात. मला ती दोन मिनिटं मिळायला पाच गुरुवार लागले.

नको त्या जागी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे तीन-चार मोड आले होते. हातावरच्या चामखिळीला आजी चुना-सोडा लावायची, तोच गाढवपणा मी तिथे केला. आठवडाभर नीट चालता येईना. मेडिकलमधलं हातापायाच्या चामखिळीचं औषधही तिथे लावायचं नसतं, हे नंतर कळलं.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी बघताक्षणी सांगितलं, एचपीव्ही, म्हणजे चामखिळीचा विषाणू. बहुतेक ६ किंवा ११ नंबरच्या प्रकारचा. कॅन्सरवाले १६, १८ वेगळे. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) करायला लावलं, दोन्ही निगेटिव्ह. पुढे काय? एक तर इमिक्विमॉड मलम, आठवड्यातून तीन रात्री, १६ आठवड्यांपर्यंत. नाहीतर विजेने जाळायचं, नाहीतर गोठवायचं. म्हटलं गोठवा, एकदाचं संपू दे.

गोठवणं द्रव नायट्रोजनने, आणि तेही फक्त गुरुवारी. पहिल्या गुरुवारी, "नायट्रोजन संपलाय." दुसऱ्या गुरुवारी केसपेपरच्या खिडकीवर हळूच "स्किन" म्हटलं, तर आतून खणखणीत आवाज, "स्किन की गुप्तरोग?" मागची अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. एवढं सोसून वर गेलो, तर नायट्रोजनची गाडीच आली नव्हती. तिसऱ्या वेळी आली, पण माझा नंबर लागेपर्यंत दीड वाजला. वॉर्डातल्या मामांनी कॅन उलटा करून दाखवला. "उडून गेला बघा. हा काय रॉकेल आहे का, साठवून ठेवायला?" चौथ्या गुरुवारी सुट्टी. प्रत्येक वेळी ऑफिसात अर्धा दिवस रजा, आणि साहेबांना काय कारण सांगायचं?

पाचव्या गुरुवारी साडेसातला जाऊन बसलो. कॅनचं झाकण काढलं तसा पांढरा धूर जमिनीवर उतरला. डॉक्टरांनी काडीवरचा कापूस बुडवून मोडावर टेकवला. मोड बर्फासारखा पांढरा पडला, आधी गार आणि मग मिरची लागावी तशी आग. झालं. केसपेपरवर लिहून दिलं, "तीन आठवड्यांनी पुन्हा." मी हसलो की रडलो, आठवत नाही. (मामांचा फोन नंबर आधीच घ्या. निघण्यापूर्वी विचारून निघा.)

बायकोला सांगितलं ते मात्र पहिल्याच आठवड्यात. हा विषाणू महिनोन् महिने गप्प बसतो, कुणाकडून कधी आला ते सांगता येत नाही, हे डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं म्हणून घर शाबूत राहिलं. तिचीही तपासणी झाली. दिवस गेले असतील तर ते इमिक्विमॉड मलम लावत नाहीत, हे मी वरच सांगायला हवं होतं.

एचपीव्हीची लस आलेले मोड घालवत नाही, पण जे प्रकार अजून लागले नाहीत त्यांच्यापासून वाचवते. मेडिकलवाला म्हणाला, "मिसेससाठी ना?" म्हटलं, माझ्यासाठी. "ही मुलींची असते हो." पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक ९ ते २६ वयाच्या मुलग्यांनाही चालते, हे त्याला मी सांगायचं! मला २६ चालू होतं. तीन डोस: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. लहानपणी, १५ च्या आत घेतली तर दोनच. नेताना बर्फाच्या पिशवीत न्या.

दोन महिन्यांनी एक मोड परत उगवला. या वेळी मलम आणलंय. गुरुवारी नाही जाणार.