ईमॅक्स २६.३ कंटेनरमध्ये: डंप झाला एकदाचा!

जुन्या ईमॅक्स टेक्स्ट एडिटरमध्ये मराठी जोडाक्षरं कशी दिसायची ते बघायचंय मला, २७ पासून अक्षरं जुळवून दाखवायला हार्फबझ ही लायब्ररी आली, त्याआधी एम१७एन आणि लिबओटीएफ या लायब्रऱ्यांवर चालायचं, म्हणून २६.३ सोर्सवरून बिल्ड करायला घेतलंय. डेबियन १० चा कंटेनर आहे (होस्ट मशीनच्याच कर्नलवर चालणारी वेगळी लिनक्स चौकट).

तीन रात्री एकाच जागी अडकलो होतो. कन्फिगर सुरळीत, सी फाइली कंपाइल होतात, टेमॅक्स (लिस्प अजून न भरलेला कच्चा ईमॅक्स) तयार होतो, ईमॅक्सचा लिस्प कोड लोड होतो आणि मग वॉर्निंग येते की बीएसएस आणि हीप (प्रोग्रॅमच्या मेमरीचे दोन भाग) यांच्यामध्ये इतक्या बाइट्सची गॅप आहे, आणि त्यापाठोपाठ सेगमेंटेशन फॉल्ट. आधी कंपायलरवर संशय घेतला, ते सगळं उलटंपालटं करून झालं, फरक शून्य. मग काल लक्षात आलं की गॅपचा आकडा दर वेळी बदलतोय, एकदा ४० लाखांच्या आसपास, पुढच्याच रनला २ कोटींच्या वर. कोड तोच, मशीन तेच, म्हणजे एएसएलआर (कर्नल सुरक्षेसाठी मेमरीच्या जागा दर रनला बदलतो ते).

२६ पर्यंतचा ईमॅक्स लिस्प लोड करून चालू मेमरी जशीच्या तशी नव्या एक्झिक्युटेबलमध्ये लिहितो, हाच डंप, त्याच्या पद्धतीला अनएक्झेक म्हणतात. त्यासाठी हीप बीएसएसला चिकटून हवा आणि कर्नल तर तो मुद्दाम लांब कुठेतरी टाकतो. ईमॅक्सला हे माहीत असतं, तो स्वतःच कर्नलला पर्सनॅलिटी नावाचा कॉल करून आपल्यापुरतं रँडमायझेशन बंद करायला बघतो, पण कंटेनरचा डीफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइल (कुठले कर्नल कॉल चालू द्यायचे त्याची यादी) त्या कॉलला ठरावीक पाचच व्हॅल्यू सोडतो: हेक्समध्ये ०, ८, २००००, २०००८ आणि सगळे एफ. ईमॅक्सला हवा ४००००! नकार मिळाला तरी ईमॅक्स काही बोलत नाही, तसाच पुढे जातो, म्हणून इतका वेळ गेला. रँडमायझेशन बंद करून प्रोग्रॅम चालवणाऱ्या सेटआर्च कमांडलाही तिथेच परवानगी नाकारली जाते.

खात्रीसाठी होस्टवर एएसएलआरची सेटिंग २ वरून ० केली, बिल्ड झाला, लगेच परत २ केली, कारण ती अख्ख्या मशीनला लागते, ब्राउझरसकट. सेककॉम्प पूर्ण काढूनही चालतं, पण एका नंबरसाठी सगळा पहारा उठवणं मला पटत नाही. म्हणून डीफॉल्ट प्रोफाइलची जेसन फाइल कॉपी केली, पर्सनॅलिटीच्या नियमांत ती एक व्हॅल्यू वाढवली (फाइलीत दशमान लागतो, २६२१४४) आणि त्या प्रोफाइलवर कंटेनर सुरू करून आत मेक (बिल्डची कमांड) दिलं. इमेज बिल्डच्या पायरीत टाकू नका, तिथे माझ्याकडे हा प्रोफाइल लागलाच नाही.

गॅपची वॉर्निंग गेली, डंप पहिल्या फटक्यात. आज एक्सचा (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी प्रणाली) सॉकेट आत जोडून ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ टाइप करून बघणार, स्क्रीनशॉट टाकतो.