कौलामागचा शिक्का

मालवण तालुक्यातल्या एका जुन्या घराचं काम आलं. उन्हाळ्यात शाकारणी झालेली, फुटकी कौलं बदललेली, तरी पहिल्याच पावसात माजघरात धार. वर चढून पाहिलं तर एकही कौल फुटकं नाही. मग कौलं उलटी केली. एकाच पाख्यावर, म्हणजे छपराच्या एकाच उतारावर, तीन प्रकार निघाले: बासेल मिशन आणि आल्बुकर्क या जुन्या कारखान्यांच्या शिक्क्यांची, आणि शिक्काच नसलेली नवी. आधीच्या ठेकेदाराने रंग जुळवला होता, कौल नाही.

मंगलोरी कौल म्हणजे खोबण आणि कंगोरा यांचं कुलूप. हा घाट मूळचा फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या झिलार्दोनी बंधूंचा, १८४१ चा. नेत्रावती-गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती पाहून बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पूला कारखाना काढला आणि हा घाट आपल्याकडे आला. पाठोपाठ १८६८ मध्ये आल्बुकर्कचा कारखाना. माल पत्तेमारींतून, म्हणजे शिडाच्या गलबतांतून, किनाऱ्याने वर कोकणात, मुंबईत यायचा. पहिल्या महायुद्धात सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले. पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. शिक्क्यावरचं १८६५ हे साल कारखान्याच्या स्थापनेचं आहे, कौल पाडल्याचं नव्हे. घर १८६५ चं असं अभिमानाने सांगणारे घरमालक कोकणात जागोजागी भेटतात.

आता गळतीचं कारण. प्रत्येक कारखान्याची माती वेगळी, ती सुकताना आणि भाजताना वेगवेगळी आकसते, म्हणून साचेही वेगळे. कौलांच्या भारतीय मानकातच ४१० × २३५, ४२० × २५० आणि ४२५ × २६० मिलिमीटर अशी तीन मापं आहेत. शेजारच्या कौलाचा कंगोरा खोबणीत दोन-तीन मिलिमीटर जरी वर राहिला, तरी नैर्ऋत्येचा वारा पाऊस उलटा आत ढकलतो. उभ्या दिशेने रिपांचा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांचा, प्रश्न. रिपा जुन्या कौलाच्या मापाने ठोकलेल्या. लांबीला वेगळं कौल त्यांवर टेकतं, पण त्याचं डोकं वरच्या कौलाखाली नीट बसत नाही. खालून पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

त्यात फटींमध्ये सिमेंट भरलेलं. याचा मला मनापासून राग आहे. ऊन-पावसात सिमेंटला केसासारखी चीर जाते, ती पाणी ओढून रिपेवर सोडते आणि रीप कुजते. शिवाय पुढच्या शाकारणीला कौल सुटं निघतच नाही, कानासकट, म्हणजे रिपेला अडकणाऱ्या मागच्या उंचवट्यासकट, तुटतं. इथे चांगली जुनी कौलं अशीच गेली.

सगळं छप्पर उतरवलं. अंगणात शिक्क्यांप्रमाणे ढीग लावले. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं: खणखणीत ते ठेवलं, बद्द ते बाजूला, कारण त्यात चीर असते किंवा भाजणी कच्ची. शंका आली ती कोरडी तोलून २४ तास पाण्यात बुडवली. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोहून जास्त पाणी प्यायलं तर ते मानकाच्या २० टक्क्यांत बसत नाही. बिनशिक्क्याच्या नव्या कौलांतली बरीच इथेच बाद झाली. जुनी बासेल मिशनची मात्र बहुतेक सगळी टिकली. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नये. त्याच ढिगातली दोन कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवावीत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजावं. तेच अंतर.

पश्चिमेच्या पाख्यावर सगळी बासेल मिशनची लावली, कारण मारा तिकडून. पूर्वेला आल्बुकर्क. वळचणीच्या ओळी कानातल्या भोकातून तार ओवून रिपेला बांधल्या, नाहीतर वाऱ्याने तिथलीच आधी उचलली जातात.

तरी पडवीला कौलं कमी पडलीच. तसे जुने कारखाने बहुतेक बंद पडले, आणि स्लॅबसाठी घरं पाडणारे लोक हीच कौलं भरावात टाकतात. उतरवतानाच शिक्के पाहून वेगळी रचली तर शेजारच्या वाडीतलं एखादं छप्पर वाचेल, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. यंदा पडवीवर पत्रा आहे. आल्बुकर्कची कौलं कुठे मिळाली तर पुढच्या पावसाआधी तो काढायचा आहे.