सेमिनोल लोकांच्या फ्लोरिडात तीन दिवस: सेंट ऑगस्टीनचा किल्ला ते बिग सायप्रस

आम्ही जॅक्सनव्हिलला राहतो. आईबाबा साताऱ्याहून आले होते, जानेवारीतला लाँग वीकेंड होता, आणि डिस्ने वगैरे मागच्या खेपेला झालेलं होतं. बाबांना किल्ला दाखवायचा होता म्हणून सेंट ऑगस्टीन ठरलं आणि तिथून सगळी ट्रिपच वेगळ्या दिशेला गेली. सेमिनोल ही फ्लोरिडातली मूळ अमेरिकन जमात, पण इथल्या आपल्या बऱ्याच लोकांना सेमिनोल म्हटलं की एक तर युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम आठवते नाहीतर हार्ड रॉक कसिनो. सहा वर्षं इथे राहून माझंही तेच होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

पहिला दिवस सेंट ऑगस्टीन. कस्तिलो दे सान मार्कोस हा स्पॅनिश किल्ला, १६७२ ला बांधायला घेतला आणि १६९५ ला पुरा झाला. शिंपल्यांच्या दगडाचा आहे, कोकीना म्हणतात त्याला, हात लावला की शिंपल्यांचे तुकडे बोटाला लागतात, आणि तोफेचा गोळा लागला तर भिंत फुटण्याऐवजी गोळा आत रुतून बसायचा म्हणे. बाबा बुरुज, खंदक, दरवाजा कुठे वळवलाय असं सगळं बघत निवांत फिरत होते. मग एका अंधाऱ्या खोलीत रेंजरने सांगितलेली गोष्ट ऐकून ते थांबलेच.

१८३७ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन सैन्याशी युद्ध चालू असताना, ओसिओला हा सेमिनोलांचा लढवय्या बोलणी करायला आला होता, पांढरं निशाण लावून, आणि अमेरिकन जनरल जेसपच्या हुकमावरून त्याला तिथेच पकडलं. या किल्ल्यात आणून कोंडलं. त्याच्याबरोबर कोआकूची नावाचा दुसरा पुढारी होता. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्री कोआकूची आणि आणखी काही जण, एकूण वीस, उंचावरच्या अरुंद झरोक्यातून अंग आक्रसून बाहेर पडले, खाली खंदकात उतरले आणि निसटले. ओसिओला आजारी होता, तो मागे राहिला. त्याला पुढे साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मोल्ट्रीला नेलं आणि तिथे ३० जानेवारी १८३८ ला तो गेला. बाबा त्या झरोक्याकडे बघून एवढंच म्हणाले, "अगं, बोलावून धरलं होय याला." साताऱ्याच्या माणसाला आणखी काही समजवावं लागलं नाही.

किल्ल्यासाठी सूचना म्हणजे सकाळी उघडतानाच जा. पार्किंग फार त्रासाचं आहे आणि दुपारी गच्चीवर सावली अजिबात नाही. रेंजरचं बोलणं असेल तर तेवढा वेळ थांबा, नुसत्या पाट्या वाचून हे कळत नाही.

संध्याकाळी हॉटेलवर बसून मुलीला नकाशावर गोष्ट सांगत बसलो, ती थोडक्यात इथेही सांगते कारण ती माहीत नसेल तर पुढची ठिकाणं नुसती झाडं आणि पाणी वाटतील. हे लोक म्हणजे जॉर्जिया-अलाबामाकडून १७०० च्या शतकात खाली आलेली क्रीक या मूळ अमेरिकन लोकांची गावं आणि आधीपासून फ्लोरिडात असलेले मूळ रहिवासी यांतून झालेला समाज. सेमिनोल हा शब्द स्पॅनिश 'सिमारोन'वरून आलाय, म्हणजे रानात मोकळा राहणारा. दक्षिणेतल्या मळ्यांतून पळालेले काळे गुलामही त्यांच्या आसऱ्याला यायचे, शेजारी स्वतःची गावं करून राहायचे, धान्याचा थोडा वाटा द्यायचे आणि लढाईत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. मळेवाल्यांना हेच खुपत होतं आणि युद्धांचं एक मोठं कारण हेच. स्पेनकडून १८२१ ला फ्लोरिडा अमेरिकेकडे आलं, १८३० ला सगळ्यांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा झाला, आणि १८३५ ते १८४२ सात वर्षं दुसरं सेमिनोल युद्ध चाललं. साधारण १,५०० अमेरिकन सैनिक मेले त्यात, बहुतेक तापाने आणि रोगराईने. हजारो सेमिनोल ओक्लाहोमाकडे नेले गेले, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. १८५५ ते १८५८ तिसरं युद्ध. ते संपलं तेव्हा फ्लोरिडाच्या दलदलीत दोनतीनशे माणसं उरली होती, आणि त्यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली नाही. आजचे फ्लोरिडा सेमिनोल स्वतःला 'न जिंकले गेलेले' म्हणवतात ते यासाठी.

दुसरा दिवस बराचसा गाडीतच गेला. आय-९५ ने फोर्ट पियर्स, तिथून पश्चिमेला ओकीचोबी गाव. ओकीचोबी म्हणजे मोठं पाणी, आणि तळं खरंच असं की पलीकडचा काठ दिसत नाही. १८३७ च्या नाताळच्या दिवशी इथे मोठी लढाई झाली, समोर झॅकरी टेलर होता, जो नंतर राष्ट्राध्यक्ष झाला. रणभूमीचं स्टेट पार्क आहे, छोटं आहे, अर्धा तास पुरे. तळ्यापासून जवळच ब्राइटन रिझर्व्हेशन, म्हणजे जमातीची राखीव जमीन, आणि तिथे मात्र मी गाडी हळू चालवली कारण दोन्ही बाजूंना गुरंच गुरं. सेमिनोल हे पिढीजात गुराखी, १७०० च्या शतकात त्यांच्या एका पुढाऱ्याला इंग्रज 'काउकीपर' म्हणूनच ओळखायचे. युद्धात सगळं गेलं. १९३६ ला अॅरिझोनाहून गुरं आणून पुन्हा सुरुवात केली आणि आज या जमातीचा बीफचा व्यवसाय देशातल्या मोठ्यांपैकी आहे. ब्राइटनला क्रीक भाषा बोलतात आणि दक्षिणेकडच्या बिग सायप्रस रिझर्व्हेशनला मिकासुकी, दोन्ही एकमेकांना समजतील अशा नाहीत. ब्राइटनला जमातीची स्वतःची शाळा आहे, २००७ ला सुरू झाली, तिथे मुलांना क्रीक शिकवतात. माझी मुलगी शनिवारी मराठी शाळेला जाते, तिने लगेच विचारलं की त्यांना रोज असते का. हो, रोज असते.

मुक्काम क्लुइस्टनला केला. इथून बिग सायप्रसला जाणार असाल तर पेट्रोल क्लुइस्टनमध्येच फुल करा. आम्ही अर्ध्या टाकीवर निघालो होतो आणि नंतरचा सगळा रस्ता माझं लक्ष काट्यावरच होतं, ऊस, कुरणं, मध्ये काहीच नाही आणि फोनची रेंज जाते. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. फोर्ट लॉडरडेलकडून येणाऱ्यांसाठी आय-७५ ची एक्झिट ४९, तिथून स्नेक रोडने उत्तरेला साधारण १७ मैल. नावासारखाच वळणांचा रस्ता आहे. आणि रिझर्व्हेशनवर त्यांचे स्वतःचे पोलीस असतात, स्पीड लिमिट पाळा.

तिसरा दिवस, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आ-ता-थि-की म्युझियम. नावाचा अर्थ शिकायची आणि आठवण ठेवायची जागा. जमातीचं स्वतःचं आहे, १९९७ ला उघडलं. आधी छोटी फिल्म, मग १८९० च्या दशकातलं रोजचं जगणं मांडलेली दालनं. होडी, शिकार, लग्न, स्वयंपाक. (होडी म्हणजे सायप्रसच्या झाडाच्या अखंड ओंडक्यातून कोरलेली.) मग मागच्या दाराने बोर्डवॉकवर निघायचं, मैलभर लाकडी वाट, सायप्रसच्या पाणथळ रानातून. झाडांजवळ पाट्या आहेत, कुठलं झाड कशाला वापरतात त्याच्या. कुंटी नावाचं एक बुटकं झुडूप बघाच. त्याचं कंद कच्चं विषारी, कुटून, पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन खाली बसलेलं पीठ वाळवायचं आणि त्याची भाकरी. सैन्य शेतं जाळत होतं तेव्हा यावर माणसं जगली. आई म्हणाली, "म्हणजे आपण नाचणीचं सत्त्व काढतो तसंच की."

वाटेच्या टोकाला वस्ती आहे, चिकींची. चिकी म्हणजे सायप्रसचे खांब, वर पामेटो या बुटक्या ताडाच्या पानांचं छप्पर, भिंती नाहीत आणि जमिनीपासून उंच फळ्यांचा ओटा. आधी हे लोक ओंडक्यांच्या घरात राहायचे, पण सैन्य मागे लागलं की झटकन उभारता येईल आणि सोडून जाता येईल असं घर लागलं, त्यातून हे आलं. वारा आरपार जातो, पाणी चढलं तरी ओटा कोरडा. आजही फ्लोरिडाच्या बिल्डिंग कोडमधून सेमिनोल आणि मिकोसुकी (मिकासुकी बोलणारी वेगळी जमात) लोकांनी बांधलेल्या चिकीला सूट आहे. स्वयंपाकाच्या चिकीला ओटा नसतो, मध्ये जमिनीवर आग असते आणि तिची लाकडं चाकाच्या आऱ्यांसारखी मांडलेली, जळेल तसं एकेक ओंडकं आत सरकवायचं. आच कमी हवी तर मागे ओढायचं. त्यावर सोफ्कीचं भांडं, म्हणजे मक्याची पातळ पेज, आपल्या आंबिलीच्या जवळची. पूर्वी ते दिवसभर तिथेच असायचं आणि येणाराजाणारा लाकडी पळीने त्यातलं घ्यायचा.

एका चिकीत एक आजी शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. रंगीत स्कर्टवर बारीक नक्षीच्या पट्ट्या असतात ना, ते पॅचवर्क. आई जन्मभर गोधड्या शिवत आलीये, ती तिथून हललीच नाही. आजींनी काय केलं ते मी नीट बघितलं. लाल, काळं, पिवळं असे कापडाचे लांब पट्टे एकमेकांना जोडून शिवले, मग ती शिवलेली पट्टी आडवी आणि तिरकी कापून छोटे तुकडे केले, ते तुकडे एकेक पायरी खाली सरकवून परत जोडले, आणि बघताबघता विजेची नक्षी तयार झाली. शेवटी कडेला नागमोडी फीत. मापपट्टी हातात घेतली नाही एकदाही. आईने मला मराठीत सांगितलं की यात जुनं कापड नाही, थर नाहीत, टाके हातचे नाहीत, म्हणजे ही गोधडी नाही, हे कापडावरचं विणकाम आहे. आणि मग तिने न विचारता एका जोडावर बोट ठेवलं, जिथे टोकं तंतोतंत जुळली होती. आजींनी चष्म्यावरून बघितलं आणि तो तुकडा उचलून आईच्या हातात उलटा करून दिला, मागची बाजू बघायला. अर्धा तास दोघी तशाच बसल्या, मी भाषांतराला होते पण माझी फारशी गरज पडली नाही. हातमशीन या लोकांपर्यंत व्यापारी ठाण्यांतून आलं आणि ही नक्षी १९१० नंतरच्या दशकात रुळली. म्हणजे कला जुनीपुराणी नाही, युद्धं संपल्यावर, दलदलीत राहून त्यांनी नवी घडवली आहे, आणि मला हेच सगळ्यात जास्त आवडलं.

त्याच वस्तीजवळ मी पॉली पार्कर या सेमिनोल बाईची गोष्ट वाचली. १८५८ ला टॅम्पाजवळच्या एग्मॉन्ट बेटावरून कैद्यांना घेऊन बोट न्यू ऑर्लिन्सकडे निघाली, वाटेत सेंट मार्क्सला लाकूडफाटा घ्यायला थांबली, तिथे ती काही जणांबरोबर पळाली आणि शेकडो मैल चालत ओकीचोबीकडे परत आली. आजच्या जमातीतली कितीतरी घरं तिची वंशज आहेत. आम्ही आदल्या दिवशी तो प्रदेश गाडीत एसी लावून पार केला होता.

आता कामाच्या गोष्टी. म्युझियम आणि बोर्डवॉकला तीन तास ठेवा, घाई केली तर वस्ती राहून जाते. वार आणि वेळ वेबसाइटवर बघूनच निघा, इतक्या लांब जाऊन बंद दार बघायला नको. डिसेंबर ते मार्च उत्तम, उन्हाळ्यात डास आणि पाऊस दोन्ही सोसत नाहीत. बोर्डवॉक सपाट आहे, बाबांचे गुडघे दुखतात तरी ते पूर्ण चालले. जवळच बिली स्वॉम्प सफारी आहे, एअरबोट आणि मोठ्या चाकांची बग्गी, मुलांना आवडते, चिकीत रात्रीचा मुक्कामही मिळतो पण आधी चौकशी करा. जेवण तिथल्या कॅफेत. शाकाहारींनी फ्रायब्रेड घ्या, जाडसर भटुऱ्यासारखा, आणि बाकी डबा बरोबर ठेवा. मांसाहारींना मगर आणि कॅटफिश मिळेल.

फोटो काढण्याआधी विचारा, लहान मुलांचे तर विचारल्याशिवाय नाहीच. कपड्यांना कॉस्च्युम म्हणू नका, लोक ते सणासमारंभाला खरोखर नेसतात. ग्रीन कॉर्न डान्स कधी असतो, बघायला मिळेल का असं विचारू नका, तो त्यांचा धार्मिक विधी आहे, पाहुण्यांसाठी नाही. कुळांबद्दल मात्र म्युझियममध्ये छान माहिती आहे, पँथर, अस्वल, हरीण, वारा, पक्षी अशी आठ कुळं, आणि कूळ आईकडून येतं. पॅचवर्क किंवा पामेटोच्या बाहुल्या घ्यायच्या तर म्युझियमच्या दुकानातून किंवा थेट करणाऱ्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. हायवेवरच्या एका दुकानात मला तसंच दिसणारं छापील कापड अर्ध्या किमतीत दिसलं होतं, ते घेतलं नाही याचं समाधान आहे.

परतताना हॉलिवूडवरून गेलो, फ्लोरिडातलं हॉलिवूड, सिनेमावालं नाही. जमातीच्या हार्ड रॉकचं गिटारच्या आकाराचं हॉटेल रस्त्यावरून दिसतंच. पण जवळच, हायवे ४४१ आणि स्टर्लिंग रोडच्या चौकाजवळ एक जुना ओक आहे, कौन्सिल ओक, त्याच्या सावलीत बसून १९५७ ला या लोकांनी आपली घटना ठरवली आणि सरकारमान्य जमात झाले. दहा वर्षांनी बेटी मे जंपर ही नर्स त्यांची पहिली महिला अध्यक्ष झाली. १९७९ ला हॉलिवूडलाच बिंगो हॉल उघडला, कोर्टात जिंकले, आणि देशभरातल्या जमातींच्या कसिनोंची वाट तिथून मोकळी झाली. झाडापाशी पाच मिनिटं थांबा, ट्रॅफिकचा आवाज असतो पण थांबा.

नोव्हेंबरमध्ये म्युझियमवर कलाकारांचा मोठा मेळा भरतो आणि फेब्रुवारीत ब्राइटनला फील्ड डे आणि रोडिओ (गुराख्यांचे खेळ) असतो, दोन्ही सगळ्यांना खुले. आईबाबांचा व्हिसा तोवर संपतोय, पण आईने जाताना आजींसाठी घडी करून एक कुंची शिवून ठेवलीये, ती द्यायला आम्ही नोव्हेंबरात जाणार आहोत. कुणाला बरोबर यायचं असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.